सशाची आया

आमच्या आत्याला कुणी काही फुकट दिलं की मला आधी धास्तीच वाटते. आजवर तिला फुकट मिळालेल्या वस्तू म्हणजे झाकण न बसणारा कुकर, एकाच बाजूने तापणारी इस्त्री आणि वहिनीच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेली काठी. त्यामुळे दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, फोन आला की "आत्यासाठी एक गंमत आणलीय, तू पण ये," तेव्हा मी चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि तडक तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, बघू तरी या खेपेला काय मोडकं आलंय.

मोडकं काही नव्हतं. खाटेशेजारी मोठ्या पिंजऱ्यात एक करडा ससा कान पाडून बसला होता. टेबलावरच्या छोट्या पिंजऱ्यात मुठीएवढा हॅमस्टर, म्हणजे उंदराचाच गुबगुबीत भाऊ, भुशात तोंड खुपसून झोपला होता. दादाच्या मुलीने, आमच्या चिमणीने, हट्ट करकरून घेतलेले हे दोन जीव. सशाचं नाव ढब्बू आणि हॅमस्टरचं भिंगरी. चिमणी पिंजऱ्याला नाक लावून बसली होती आणि वहिनी दारातच उभी होती, कारण तिला त्या वासाने मळमळत होतं.

दादाचं म्हणणं असं होतं की त्यांनी जुनं घर विकलंय, नव्या घराचा ताबा मिळायला थोडा वेळ आहे, आणि मधल्या काळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेचा मालक प्राण्याचं नाव काढू देत नाही. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, आत्या. तुझ्याइतकं मायेने कोण सांभाळणार? एकदा ताबा मिळाला की सगळे एकत्र. तीन खोल्या आहेत. तिसरी तशी मोकळीच आहे."

हे त्याने चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हटलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. वहिनीनेही ऐकलं आणि तिला अचानक फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. आत्या लगबगीने उठली, दादाच्या कपात न मागता आणखी चहा ओतला आणि डब्यातली उरलीसुरली बिस्किटं त्याच्यापुढे मांडली. तिला किती आनंद झाला होता ते मला कळत होतं, आणि त्यामुळेच माझा जीव टांगणीला लागला होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात आया म्हणून केली. बेडपॅन द्यायचं, पाठी पुसायच्या, ओल्या चादरी बदलायच्या, ऑपरेशनला नेताना घाबरलेल्या बाईचा हात धरून दारापर्यंत चालायचं. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, पण त्याच सुमारास आजोबांचं अंग लुळं पडलं आणि घरातल्या शहाण्यांनी ठरवलं की आधी त्यांना उठून बसू दे. आजोबा काही उठून बसले नाहीत. ज्याचं स्थळ होतं त्याने वाट बघून दुसरीकडे लग्न केलं.

मग आजीचं आजारपण आलं. मग माझ्या आईचं ऑपरेशन. मग वहिनीचं बाळंतपण, आणि त्यानंतर वहिनीच्या आईचा गुडघा, जिचं आणि आत्याचं कसलंही नातं नाही. प्रत्येक वेळी तोच प्रकार. फोन यायचा, आत्या दोन जोड कपडे बॅगेत कोंबून हजर व्हायची, पेशंटच्या पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायची. पेशंट आपल्या पायाने बाथरूमला जायला लागला की कुणीतरी तिला बसस्टॉपवर सोडून यायचं. घरी नव्हे हं, बसस्टॉपवर! "आता आलीच आहेस तर राहा की," असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. हे मी म्हणते. ती कधी म्हणाली नाही. निवृत्त झाल्यावर ती आपल्या त्या एका खोलीत आणि चिंचोळ्या स्वयंपाकघरात एकटी राहायला लागली, आणि दुपारी दोन-दोनदा चादर बदलायला लागली, कारण हाताला दुसरं काम नव्हतं.

त्यामुळे ढब्बू आणि भिंगरी आल्या दिवसापासून तिचे पेशंट झाले. शब्दशः पेशंट. सकाळी उठून पहिला राउंड. पिंजऱ्यातला ट्रे बाहेर काढून खिडकीपाशी नेऊन लेंड्यांची तपासणी. किती, केवढ्या, कोरड्या की ओल्या. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "अगं, पेशंट बोलत नाही तेव्हा त्याचं पोटच बोलतं." एवढं एक मात्र तिचं बरोबर निघालं. बाकी सगळ्यात तिने माती खाल्ली.

पहिल्याच आठवड्यात तिने सशाला स्पंजिंग केलं. कोमट पाणी, दोन वाट्या, एक साबणाची आणि एक साधी, अगदी वॉर्डात करतात तसं. ढब्बूने तिच्या मनगटावर असे काही ओरखडे काढले की शेजारची शिंपीणबाई आरडाओरडा ऐकून कात्री हातात घेऊन धावत आली. ससा ओला चिंब होऊन थरथर कापत होता. आत्याने त्याला स्वतःच्या शालीत गुंडाळून दुपारभर छातीशी धरला. सशाला आंघोळ घालायची नसते, तो भीतीनेसुद्धा जाऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं? गाजराचंही तेच. ससा म्हणजे गाजर, एवढंच सगळ्या जगाला माहीत. आत्याने त्याला गाजरांवर गाजरं घातली आणि चिमणीने पिशवीभरून दिलेलं सुकं गवत 'कचरा' म्हणून बाजूला ठेवलं.

भिंगरीची तऱ्हा आणखी वेगळी. एका संध्याकाळी आत्याचा दुकानात फोन आला. "ताबडतोब ये. हिला गालगुंड झालंय."

"कुणाला?"

"भिंगरीला. दोन्ही गाल सुजलेत. गळ्यापर्यंत सूज आहे. शेकत होते, तर चावली."

मी गिऱ्हाईकाला तसंच आरशासमोर सोडून पळत सुटले. पोचले तोवर सूज उतरली होती, कारण भिंगरीने गालात साठवलेले सगळे दाणे कोपऱ्यात नेऊन ओकून ठेवले होते आणि त्यांच्यावर बसून मिशा पुसत होती. ती जातच तशी, मिळेल ते गालात कोंबून नेणारी. मी हसून हसून खाली बसले. आत्यालाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी मी तिला असं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताना पाहत होते. म्हणाली, "एवढ्या सुजा पाहिल्या जन्मात, पण खाऊची सूज पहिल्यांदाच बघितली बाई."

मग ती हळूहळू शिकली. दिव्याच्या वायरी उंचावर बांधल्या, कारण ढब्बूने एक कुरतडून तोडली होती. कान धरून उचलू पाहणाऱ्या शिंपीणबाईच्या हातावर फटका मारला. ढब्बूने मागचा पाय आपटला की तो रागावलाय हे तिला कळायला लागलं, आणि मग ती त्याची क्षमा मागायची. "चुकलं बाबा, चुकलं. साहेबांची झोप मोडली." भिंगरी दिवसभर ढाराढूर झोपायची आणि अंधार पडला की चाकावर धावायला लागायची. आत्या म्हणायची, "नाइट ड्यूटी लागलीय तिला." मी तिथे गेले की तासभर दुसरा विषय नाही. मी माझ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला जायचे आणि सशाच्या नखांची माहिती घेऊन परत यायचे.

आणि या सगळ्याच्या मध्ये तिसरी खोली यायचीच. "तिकडे ऊन कुठून येतं, विचारलंस का दादाला? पिंजरा भिंतीशी ठेवीन. माझी खाट नको तिथे, उगाच जागा अडते. मी खालीच झोपते, ढब्बूला पण मग फिरायला जागा." मी एकदा स्पष्ट म्हटलं, "आत्या, दादा तुला 'चल' असं म्हणालाय का?" तर फणकारली. "घरच्या माणसाला आमंत्रण लागतं का ग? 'सगळे एकत्र' म्हणाला ना तो? तू होतीस ना तिथे?"

होते.

मग ढब्बूचं खाणं सुटलं. गाजर पुढे केलं तरी तोंड फिरवायचा. ट्रे रिकामा. आता हॉस्पिटलात जन्म घालवलेल्या बाईने काय करावं? पोट बिघडलं की पोटाला विश्रांती. वॉर्डात जे शेकडो वेळा केलं तेच तिने केलं. होतं नव्हतं तेवढं खाणं पिंजऱ्यातून काढून घेतलं, पाण्याची बाटली तेवढी ठेवली, आणि ढब्बूला सांगितलं, "उद्यापर्यंत काही नाही. मग बघू." कुठल्याही आयाने हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी मी सहज गेले तर ससा कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात करकर वाजत होते. आत्या म्हणाली, "लंघन लागू पडतंय. शांत झालाय बघ." मला तो शांतपणा काही बरा वाटेना. मी टोपलीत टॉवेल घातला, त्यात ससा घातला, आणि दोघींनी मिळून प्राण्यांचा दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, पण जिभेला हाड नव्हतं. "कालपासून उपाशी ठेवलंत? मुद्दाम? अहो, सशाचं पोट सारखं चालू राहावं लागतं. ते थांबलं की ससा संपला. खात नाही म्हटल्यावर धावत यायचं असतं, खाणं काढून घ्यायचं नसतं! आणि ही गाजरं कुणी सांगितली? गवत कुठे आहे?"

आत्या मान खाली घालून उभी होती. हॉस्पिटलात मोठमोठ्या डॉक्टरांची बोलणी तिने खाल्ली होती, पण ती दुसऱ्यांच्या चुकांसाठी. या वेळी चूक तिची होती. इंजेक्शन झालं. डॉक्टरने सुक्या गवताच्या पिठाची पेज दिली, सुई नसलेली सिरिंज दिली आणि थोडी थोडी पेज गालाच्या कडेने पाजायला सांगितली. मधून मधून पोट हलकेच चोळायचं, आणि लेंडी दिसली की कळवायचं. तो वाचेल का, असं मी विचारलं तर म्हणाली, "आजचा दिवस निघाला की कळेल."

बाहेर बाकावर बसल्यावर आत्याला रडू कोसळलं. मी तिला आजी गेली तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. "मी मारला ग त्याला. मीच मारला. लेकराने विश्वासाने ठेवायला दिला होता." मग नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "आणि हा गेला तर मला ते कशाला नेतील?"

आता कळलं? इतके दिवस ती ढब्बू-ढब्बू करत होती ते खोटं नव्हतं, जीव लावलाच होता तिने. पण हा ससा म्हणजे तिचं त्या घरात जायचं तिकीटही होतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना, की मी रस्ताभर टोपली तेवढी घट्ट धरून बसले.

त्यानंतर तिने जी सेवा केली ती मी काय सांगू. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ससा, हातात सिरिंज. एक थेंब, मग थांबायचं, त्याने गिळला की दुसरा. पोटावरून बोटं फिरवत राहायची. स्वतः जेवली की नाही कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुकानात ऐन गर्दीत फोन.

"झाली!"

"काय झालं?"

"झालं नाही, झाली! लेंडी! चांगली गोल आहे!"

मी दुकानात मोठ्याने "लेंडी झाली?" असं ओरडले. समोरचं गिऱ्हाईक चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलं. मालकाने भुवया चढवल्या. मला कशाची फिकीर नव्हती. मी येताना पालेभाजीच्या दोन जुड्या घेऊन गेले आणि ढब्बूने माझ्यादेखत त्यातली चार पानं फस्त केली.

याच्यानंतर आत्याने चिमणीला शिकवायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी दादा तिला आणून सोडायचा. वॉर्डात आत्याची एक पद्धत होती. पेशंट घरी जायच्या आधी त्याच्या माणसांना सगळं शिकवायचं. नुसतं सांगायचं नाही, त्यांच्या हातून करून घ्यायचं. कूस कशी बदलायची, कसं भरवायचं, काय दिसलं की डॉक्टरकडे पळायचं. जोपर्यंत नातेवाइकाला न बघता जमत नाही तोपर्यंत ती त्यांना सोडायची नाही, मग भले ते वैतागोत. तिचा तो हातखंडा होता. तिने शिकवलेल्या पेशंटना परत दाखल व्हावं लागत नाही, असं सिस्टर म्हणायच्या.

तस्संच चिमणीचं. गवत पिंजऱ्यात कायम भरलेलं हवं, गाजर म्हणजे मिठाई. पोटाखाली एक हात, मागच्या पायांखाली एक, मग उचलायचं. दात वाढतात म्हणून कुरतडायला लाकूड. तो आपलीच मऊ लेंडी खाताना दिसला तर शी म्हणायचं नाही, ते त्याला लागतं. भिंगरी झोपली असेल तर उठवायचं नाही, आणि दुसरी भिंगरी आणून तिच्या पिंजऱ्यात कधी घालायची नाही, त्या एकमेकींचा जीव घेतात. सिरिंजने पाणी पाजणंसुद्धा शिकवलं. चिमणी पोर हुशार. तिने सगळं आत्मसात केलं आणि आत्याच्या थाटात म्हणायला लागली, "आत्याआजी, आज पेशंटची तब्येत उत्तम आहे."

मला ते बघवेना. एकदा चिमणी हात धुवायला गेली तेव्हा मी आत्याला म्हटलं, "सगळंच कशाला शिकवतेस? थोडं हातचं राखून ठेव ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी गरज लागेल असं काहीतरी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाटेल ते बोलले आहे. "पेशंटच्या बाबतीत हातचं राखायचं नसतं. आणि मी असणारच आहे ना तिथे? मी बाजारात गेले, आजारी पडले, तर पोरीला जमायला नको?"

मग दादाला ताबा मिळाला. तारीख ठरली, शनिवारी सकाळी न्यायला येतो म्हणाला. 'न्यायला येतो.' आत्याने खाट शिंपीणबाईला देऊन टाकली. मोठी पातेली, कपाट, जादा गाद्या, सगळं वाटून टाकलं. मला कळलं तेव्हा खाट पलीकडे गेलीसुद्धा होती. मी दादाला फोन लावला, "आत्याचं काय ठरलंय?" तर म्हणाला, "आत्याचं काय? येतोय ना शनिवारी," आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला. मी स्वतःचीच समजूत घातली की येतोय म्हणजे येतोय.

शनिवारी मी तिथेच होते. आत्याने नवा स्वेटर घातला होता. केस चापून बसवले होते. दाराशी पिंजरे, गवताची पिशवी, औषधाचा डबा, सिरिंज उकळून पुसून कापडात गुंडाळलेली, आणि त्यांच्या रांगेत शेवटी तिची बॅग. खोली धुऊन पुसून लख्ख. पंख्याचं बटणसुद्धा बंद.

दादा, वहिनी, चिमणी टेम्पो घेऊन आले. दादा खुशीत होता. भराभर सामान उचलायला लागला. वहिनी नाकावर रुमाल न धरता आत आली, हे विशेष. "आत्या, खरंच हं, तुम्ही म्हणून झालं. नाहीतर आम्ही कुणाला तरी देऊनच टाकणार होतो यांना." मग चिमणीकडे बघून कौतुकाने म्हणाली, "आता तर हिलाच सगळं येतं. मला पाठ करून दाखवलंन काल. कुणाची मदत लागायला नको."

दादाने पिंजरे चढवले, पिशवी चढवली, डबा चढवला. मग बॅगेला हात घातला. "ही पण सशाचीच का ग?"

आत्याचा हात बॅगेच्या दुसऱ्या बंदावर होता. क्षणभर दोघांनीही ती धरलेली. मी बघत होते. तिला कळलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी गाल लाल झाले, मग सगळा रंगच उतरला.

"नाही रे," ती म्हणाली. "ती राहू दे. जुने कपडे आहेत, कुणाला तरी देऊन टाकायचे म्हणून बांधलेत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं बोलतेय ती, दादा! तिची बॅग आहे. तिने खाट देऊन टाकलीय, तुझ्या भरवशावर. सगळे एकत्र म्हणाला होतास ना? तिसरी खोली मोकळी म्हणाला होतास ना?"

दादा आधी माझ्याकडे, मग वहिनीकडे, मग खाट जिथे असायची त्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघायला लागला. "अगं... मी ते आपलं बोलता बोलता... तिसऱ्या खोलीत माझं टेबल टाकलंय. घरून काम असतं. आणि हे दोघं बाल्कनीत. मुद्दाम बंद करून घेतली बाल्कनी, थंडीवारा लागू नये म्हणून..."

"सशाला बंद बाल्कनी!" मी म्हटलं. "वा रे वा!"

"आत्या, तुम्ही या ना राहायला," वहिनी घाईघाईने म्हणाली. "केव्हाही या. चार दिवस या."

आत्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. चांगला जोरात. "गप्प बस. पोरीसमोर तमाशा नको." मग दादाला म्हणाली, "हिचं काय ऐकतोस? मला कुठे तिकडे करमणार? मी नवी खाट घेणार आहे, कमी उंचीची. गुडघ्यांना बरी पडते." असं म्हणून ती टेम्पोपाशी गेली, पिंजऱ्यावर चादर टाकली, कोपरे नीट दुमडून खोचले आणि चिमणीला विचारलं, "खाणं सुटलं तर काय करायचं?"

"थांबायचं नाही. लगेच डॉक्टरकडे," चिमणी म्हणाली.

"उपाशी ठेवायचं?"

"कध्धीच नाही!"

"शाब्बास," आत्या म्हणाली, आणि टेम्पो गेला.

आत आल्यावर मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. दादाला, वहिनीला, मेलेल्या आजोबांना, सगळ्यांना उभं आडवं झोडपलं. आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. म्हणाली, "मला वाटलं होतं ग. अगदी खरं वाटलं होतं. तिकडचं स्वयंपाकघर कसं असेल, हेसुद्धा मी मनात लावून ठेवलं होतं." आणि मग, "त्याचा काही दोष नाही. तो नुसता बोलला. मीच ऐकत बसले."

पलीकडे शिंपीणबाईने खाट सरकवल्याचा आवाज आला. मला आता तिथे मिनिटभरही थांबवेना.

"ऊठ," मी म्हटलं. "घे ती बॅग आणि चल माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता."

ती ताडकन उठली. डोळे पुसले, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, पाय चपला शोधायला लागले.

"का ग? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"जावयांना बरं नाही का? सांगितलं नाहीस ते. पोरांना ताप आहे?"

"सगळे ठणठणीत आहेत, आत्या. तू नुसती चल. राहायला."

एक चप्पल तिच्या पायात होती. तिने ती काढली, दुसरीशेजारी नीट लावून ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"मग मी येऊन काय करू?" तिने विचारलं. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. ती मला खरंच विचारत होती.